‘स्यूडोरेबीज’ : एका रोगनामाची चिकित्सा

हंगेरीतील आउयेस्की यांनी १९०२ साली वर्णिलेल्या रोगास इंग्रजीत ‘स्यूडोरेबीज’ असेही म्हणतात. त्याचे ‘आभासी अलर्क’ असे मराठीकरण करण्याचा मोह सहज होईल. तो आवरला पाहिजे. या रोगाचा विषाणू हर्पिस कुलातला. अलर्काच्या विषाणूशी त्याचे नाते नाही. शिवाय हे नाव गुरे व कुत्री यांच्याकडे पाहून पडले आहे. ती असह्य कंडूने स्वतःचे अंग घाशीत, चावीत मरतात, म्हणून पिसाळल्याचा भास. डुकराची गोष्ट निराळी. तान्ही पिले थरथरतात, त्यांस झटके येतात व ती दगावतात. प्रौढ डुक्कर मात्र बहुधा वाचते आणि विषाणू त्याच्या मज्जापेशींत सुप्त राहतो. म्हणजे रोग ज्याच्या घरी वस्तीला आहे, त्याचाच या नावात मागमूस नाही! डुकरांस पक्षाघात आणणाऱ्या दुसऱ्या एका रोगाचे ‘टेशेन’ हे स्थलनाम मुके खरे, पण ते दिशाभूल तरी करीत नाही. याच न्यायाने मी ‘आउयेस्की रोग’ हेच नाव पत्करीन. ते उच्चारास जड आहे, ही तक्रार मान्य करूनही.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. मलेशियात १९९८ साली वराहपालकांत पसरलेल्या मेंदूज्वरास प्रथम ‘जपानी मेंदूज्वर’ ठरविण्यात आले. त्यासरशी डासांवर फवारणी व लस टोचणे सुरू झाले. डुकरांची ने-आण मात्र चालूच राहिली. मार्च १९९९ मध्ये निपाह विषाणू हाती लागला. त्या साथीत शंभरावर माणसे दगावली व सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली.