‘जंग और अमन’ : नागरी हानीच्या मोजमापाचा प्रश्न

पोखरण येथे मे १९९८ मध्ये झालेल्या अणुचाचण्यांच्या पार्श्वभूमीवर आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ (२००२) हा माहितीपट निर्माण केला. सेन्सॉर मंडळाने सुचविलेली काटछाट त्यांनी नाकारली आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अखंड दाखविण्यास अनुमती दिली. त्यामुळे त्याची चर्चा बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगानेच होते. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र त्यातील सामान्य नागरिकाच्या हानीच्या चित्रणाकडे आहे.

अण्वस्त्राची ओळख आपण स्फोटशक्तीवरून करून घेतो. आपल्या जिल्ह्यातील लोणारच्या विवराची माहिती देतानाही आघाताची ऊर्जा मेगाटनांत सांगितली जाते. तेथे ते शोभते. त्या आघातस्थळी नगर वसलेले नव्हते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा, म्हणजे या मापाने किरकोळच! वर्षअखेरपर्यंतच्या मृतांची संख्या मात्र १ लाख ४० हजारांच्या आसपास मानली जाते आणि त्यांत बहुसंख्य नागरिक होते. शहरातील बहुतेक डॉक्टर व परिचारिका स्वतःच मृत वा जखमी झाल्याने होरपळलेल्यांच्या शुश्रूषेला माणसेच उरली नाहीत. किलोटनाचा आकडा याविषयी काहीच बोलत नाही.

पटवर्धनांचे खरे यश या मापबदलात आहे. ते हिबाकुशांना, म्हणजे बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांना, बोलते करतात. पोखरणनजीकच्या खेतोलाई गावातील रहिवाशांचेही ऐकून घेतात. त्यापुढे चाचण्यांनंतरचा जल्लोष पोकळ भासू लागतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने १९९५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाचा सांगाडा मांडला. मृतांच्या वस्तू व छायाचित्रे मांडण्याची मूळ योजना मात्र विरोधामुळे सोडून दिली. विमान दिसले, माणसे दिसली नाहीत. हा माहितीपट नेमके याच्या उलट करतो.

तथापि एक आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. जादूगोड्याच्या युरेनियम खाणींलगतच्या आदिवासींची व्यथा आणि हिरोशिमाचा संहार पटवर्धन एकाच युक्तिवादात ओवतात. खाणीतील हानी निष्काळजीपणातून व उपेक्षेतून होते. तिला नियमन, नुकसानभरपाई, पुनर्वसन असे उपाय तरी संभवतात. शहरावर टाकलेल्या बॉम्बची गोष्ट निराळी आहे. तेथे नागरिकाचा मृत्यू हा अपघात नसून शस्त्राच्या वापरातच गृहीत धरलेला असतो. हा भेद पुसला गेल्याने खाणमालकाला जाब विचारणारा प्रश्न आणि युद्धनेत्याला विचारावयाचा प्रश्न एकमेकांत मिसळतात, आणि दुसरा, अधिक कठोर प्रश्न सौम्य होऊन जातो.