बेल्जियमची बिअर : ग्लासातली आणि पातेल्यातली

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन तऱ्हेची माणसं भेटली. एक म्हणाले, "व्याख्यानमालेत बिअर? आता एवढंच राहिलं होतं." दुसरे म्हणाले, "व्याख्यानानंतर काही चाखायला आहे ना?" दोघांनाही उत्तर एकच, नाही. आज नुसतं बोलायचं आहे. पण बघा, मराठीत बिअरवर जे काही लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक या दोन वाक्यांतच संपतं. एक तर व्यसन, नाहीतर चंगळ. आंब्याबद्दल आपण किती बारकाईने भांडतो! रत्नागिरीचा की देवगडचा, अढीतला की पेटीतला. तसं एखाद्या पेयाकडे पदार्थ म्हणून बघणारी टीका बिअरच्या वाट्याला आपल्याकडे आलेली नाही.

इंग्रजीत ती आली आणि बरीचशी एका माणसामुळे आली. त्याचं नाव मायकल जॅक्सन. हसू नका, गायक नव्हे. हा यॉर्कशायरचा पत्रकार, दाढीवाला, २००७ साली वारला. १९७७ साली त्याचं 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' आलं आणि १९९१ साली 'द ग्रेट बिअर्स ऑफ बेल्जियम'. आज आम्ही जे बोलणार आहोत ते या दुसऱ्या पुस्तकाभोवती आहे, त्याच्या बाजूचंही आणि विरुद्धही.

आधी बाजूचं. जॅक्सनची रीत साधी होती. तो ग्लासापासून सुरुवात करायचा नाही, गावापासून करायचा. पाणी कुठलं, बिअर करणारा कोण, त्याचा बाप काय करायचा, आणि संध्याकाळी त्या गावात लोक कशाबरोबर पितात. ब्रसेल्सच्या अँडरलेक्ट भागातली काँतियों ही ब्रुअरी घ्या, १९०० सालची. तिथे लांबिक करतात. म्हणजे काय, तर गहू आणि जवाचा काढा हिवाळ्याच्या रात्री माळ्यावरच्या मोठ्या, उथळ, उघड्या तांब्याच्या हौदात गार व्हायला ठेवायचा. यीस्ट कोणी घालत नाही, ते हवेतून येऊन पडतं. मग लाकडी पिंपात वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. शेवटी लहान-मोठ्या वयाचं लांबिक मिसळून बाटलीत भरलं की त्याला म्हणतात ग्यूझ. आंबट, कोरडं, फसफसणारं. पहिल्या घोटाला आपल्याकडचा माणूस म्हणेल, नासलंय हे! इडलीचं पीठ आंबवणाऱ्या घरातला माणूस मात्र दुसरा घोट घेऊन बघेल. जॅक्सनने या आंबटपणाला दोष न म्हणता गुण म्हटलं. आणि ते पटेल असं म्हटलं, ही त्याची थोरवी.

आता विरुद्धचं. जॅक्सनने बिअरच्या 'स्टाइल' पाडल्या. वाचकाची सोय झाली, शंका नाही. पण सोय झाली की खानेसुमारी सुरू होते. ऑर्व्हालच्या मठात विक्रीसाठी एकच बिअर होते. ताजी असताना ती हॉप्सच्या वासाची, कडवट. बाटलीत ब्रेटॅनोमायसिस नावाचं दुसरं यीस्ट असतं, ते महिनोन्महिने गोडवा खात राहतं. सहा महिन्यांनी तीच बाटली कोरडी होते आणि चामड्यासारखा, तबेल्यासारखा वास देते. (हे कौतुक आहे, गैरसमज नको.) आता हिला कुठल्या रकान्यात बसवायचं? आज जगभर स्पर्धा होतात, अमुक टक्के अल्कोहोल, अमुक रंग असेल तर 'बेल्जियन ट्रिपल', नसेल तर गुण कापले. वेस्टमालेच्या साधूंनी १९३४ साली ट्रिपल काढली ती कुठला रकाना बघून काढली नव्हती.

दुसरा आक्षेप जरा मोठा. जॅक्सन वाचून बेल्जियम म्हणजे मठ, धूर, तळघरं, साधू असं चित्र मनात बसतं. प्रत्यक्षात बेल्जियममध्ये सर्वांत जास्त खपते ती ज्युपिलर, म्हणजे साधी पिवळी, थंडगार पिल्सनर. कारखान्यातली. मठाची बिअर ही पाहुण्याची बिअर, सणाची बिअर. आणि तिच्या कडकपणामागे नुसती परंपरा नाही, कायदाही आहे. १९१९ साली व्हँडरव्हेल्ड नावाच्या समाजवादी मंत्र्याने कायदा केला, कॅफेत जिन वगैरे दारू विकायची नाही. दुकानातून घ्यायची तर एकदम दोन लिटर घ्यायची, म्हणजे मजुराच्या खिशाला परवडू नये. हेतू चांगलाच होता. परिणाम असा मानला जातो की कॅफेत कडक बिअरला गिऱ्हाईक वाढलं. कायदा १९८३ पर्यंत टिकला. दारूबंदीच्या महाराष्ट्राला ही गोष्ट ओळखीची वाटेल. चव नुसती निसर्ग घडवत नाही, सरकारही घडवतं. पण जॅक्सनच्या वर्णनातला सूर शेवटी मठाच्या शांततेत जाऊन विसावतो.

मात्र त्याची एक गोष्ट आम्हाला फार आवडते, ती पिएर सेलिसची. हूगार्डन गावी गव्हाची पांढरट बिअर व्हायची, तिची शेवटची ब्रुअरी १९५७ साली बंद पडली. सेलिस दूधवाला. लहानपणी त्या ब्रुअरीत हाताखाली काम केलेला. त्याने १९६६ साली ती बिअर पुन्हा सुरू केली. त्यात काय पडतं? संत्र्याची वाळवलेली साल आणि धणे! १९८५ साली ब्रुअरीला आग लागली, मोठ्या कंपनीचा पैसा आला आणि पुढे ब्रुअरीही त्या कंपनीकडे गेली. सेलिस म्हातारपणी टेक्ससला ऑस्टिनमध्ये जाऊन पुन्हा तीच बिअर करू लागला. आज पुण्या-मुंबईत कुठल्याही मायक्रोब्रुअरीत बसा, यादीत 'विट' असतेच. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, तेव्हापासून हे वारं आहे. (डूलाली म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली. गोरे सोल्जर परतीच्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत वेडेपिसे व्हायचे, म्हणून इंग्रजीत वेड्याला डूलाली.) सांगायचं हे की, 'विट'मधले धणे आपले धणे असूनही आपल्याला ओळखू येत नाहीत. कारण आपण ते भाजतो. ते लोक न भाजता जाडसर कुटून उकळत्या काढ्यात अगदी शेवटी टाकतात, मग लिंबासारखा वास राहतो. घरी गरम पाण्यात चिमूटभर कच्चे कुटलेले धणे टाकून हुंगून बघा.

आता पातेल्याकडे येऊ. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला युनेस्कोने २०१६ साली वारशाच्या यादीत घेतलं, त्यात स्वयंपाकातल्या वापराचाही उल्लेख आहे. सर्वांत घरगुती पदार्थ म्हणजे कार्बोनाड, फ्लेमिश लोक त्याला स्टोफव्हलेस म्हणतात. बीफचे तुकडे, भरपूर कांदा, थाइम, तमालपत्राच्या जातीचं पान, आणि गडद बिअर. वरून पावाच्या फोडीला मोहरीची पेस्ट लावून ती पालथी ठेवायची. दोन-तीन तासांत पाव विरघळतो, रस्सा दाट होतो. सोबत बटाट्याचे फ्राइज. आपल्याकडे दाटपणाला खोबरं, तीळ, खसखस. त्यांच्याकडे शिळा पाव. गरिबाघरची युक्ती, दोन्हीकडे तीच.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा बीफऐवजी मटण घेतलं आणि बिअर घेतली हाताला लागली ती, पिवळी, बऱ्यापैकी कडू. तीन तासांनी कारल्याच्या काढ्याची चव आली. चूक उघड होती. रस्सा आटतो तसा हॉप्सचा कडवटपणाही आटून गडद होतो. म्हणून या पदार्थाला कमी हॉप्सची, माल्टच्या गोडीची किंवा थोडी आंबट बिअर लागते. रोडेनबाखसारखी लाकडात मुरलेली लालसर बिअर चालते. सशाच्या मांसाला ते ग्यूझ घालतात, आंबटपणाने मांस मऊ पडतं. 'बिअर घाला' असं नुसतं लिहिणारी पाककृती म्हणूनच निरुपयोगी. ती 'मसाला घाला' म्हटल्यासारखं आहे.

आणि हे काही परकं नाही बरं का. गोव्यात सान्नां फुगतात त्या माडाच्या सुरेवर. तिचाच व्हिनेगर विंदालूत जातो. वसईच्या ईस्ट इंडियन घरांत तर बॉटल मसाला आहेच! उन्हाळ्यात कुटलेला मसाला बिअरच्या रिकाम्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा, उजेड लागू द्यायचा नाही, म्हणून ते नाव. बिअर आणि स्वयंपाकाचं आमच्या मते हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत सभ्य नातं. बिअरचा थेंबही नाही त्यात.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. दुसऱ्यांदा कार्बोनाड चांगलं जमलं, म्हणून आम्ही मित्रांना जेवायला बोलावलं. त्यात एक मित्र असा होता की ज्याने उपचार घेऊन दारू सोडली होती. आम्हाला ते माहीत होतं. तरी आम्ही मनात म्हटलं, शिजताना सगळं उडून जातं. सांगितलं नाही. त्याने दुसऱ्या घासाला चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "यात काय आहे?" कोणी काही बोललं नाही. तो शांतपणे उठला, हात धुतले, भात-वरण मागून घेतलं. नंतर आम्ही वाचलं, तर सगळं उडून जातं ही समजूतच खोटी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकात पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनी सुमारे ५ टक्के. आणि ५ टक्क्यांपेक्षा त्याला बोचला तो वास. ज्या वासापासून तो दोन वर्षं लांब राहिला होता, तो आम्ही त्याच्या ताटात वाढला.

त्या रात्रीनंतर आम्ही जॅक्सनची पानं पुन्हा उलटली. मठाधिपती आहे, ब्रुअर आहे, कॅफेची मालकीण आहे. पण ज्याला पिता येत नाही असा माणूस त्या टेबलांवर आम्हाला सापडला नाही. म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. चवीची इतकी नेमकी भाषा ज्याने दिली त्याचे आम्ही ऋणीच आहोत. पण आपल्याकडे जेव्हा कधी बिअरवर मराठीत टीका लिहिली जाईल, तेव्हा ती अशा घरांत वाचली जाईल जिथे कुणाची आई गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीच्या मतदानाला गेलेली असेल. या वाचकाला पहिल्या पानावरच बाहेर काढायचं की त्याच्यासाठी खुर्ची ठेवायची, हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागेल. ऑर्व्हालच्या तबेल्याच्या वासाचं वर्णन करण्यापेक्षा हे कठीण आहे.

तो मित्र पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आला. बोलावताना आम्ही आधी फोनवर सांगितलं, काय शिजवतोय ते. मटण तेच, कांदा तसाच लाल केलेला, फक्त बिअरऐवजी चिंच, गूळ आणि काळा चहा. वर मोहरी लावलेला पाव पालथा घातला. कार्बोनाड नव्हतंच ते. त्याने दोनदा घेतलं आणि पातेल्याला चिकटलेला पाव खरवडून मागितला.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत कुणाचा तरी हात मघापासून वर आहे.