फिलिपिनो रुग्णांचे ५२ टक्के

फुप्फुसाचा कर्करोग म्हटला की आपण फळ्यावर विडी-सिगारेटचे चित्र काढून मोकळे होतो. ते चूक नाही. पण जन्मात कधी विडी न ओढलेल्यांनाही हा रोग होतो, आणि अशांच्या गाठीत पुष्कळदा ‘ईजीएफआर’ या जनुकात उत्परिवर्तन आढळते, हे २००४ साली कळले. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आवरणात बसलेले असते. वाढीचा संदेश बाहेरून आला की ते पेशीला विभाजनाची आज्ञा देते. एका नेहमीच्या उत्परिवर्तनात डीएनएतील एकच अक्षर बदलते, प्रथिनात ८५८व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते आणि संदेश नसतानाही आज्ञा सुटत राहते. जेफिटिनिबसारखी औषधे हीच आज्ञा अडवतात.

आशियातील किती रुग्णांत असे उत्परिवर्तन असते, हे पाहणारा ‘पायोनियर’ अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींसारख्या पेशींचा कर्करोग, पुढच्या अवस्थेत पोचलेले १४५० रुग्ण त्यात मोजले गेले. ५१.४ टक्क्यांत उत्परिवर्तन निघाले. फिलिपाइन्सचा आकडा ५२.३ टक्के, व्हिएतनामचा ६४.२, भारताचा २२.२. केवळ स्त्रिया किंवा धूम्रपान न करणारे असे रुग्ण निवडून घेतले नाहीत, हा या अभ्यासाचा मोठा गुण. (खर्च ॲस्ट्राझेनेकाने केला आणि जेफिटिनिब त्याच कंपनीचे, हेही लक्षात ठेवावे.)

माझी तक्रार देशवार रकान्यांबद्दल आहे. फिलिपाइन्सचे रुग्ण होते ६५. त्यांपैकी ३४ जणांत उत्परिवर्तन. सात हजारांहून अधिक बेटांच्या देशाबद्दल ६५ जणांवरून बोलायचे, आणि तेही दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासह! नमुन्याच्या चुकीचे साधे गणित अकरावी-बारावीचे विद्यार्थीही करू शकतील. खरा आकडा ४० ते ६५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. मग थायलंडच्या ५३.८शी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. भारताचा फरक मात्र टिकतो. आपल्याकडचे रुग्ण ७२च होते, पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २०१३ साली ९०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यातही प्रमाण २३ टक्केच निघाले.

देशाचे नाव लागले की दुसरा गैरसमज मागोमाग येतो. ‘फिलिपिनो लोकांत हे जनुक असते’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबवावे. जनुक सर्वांतच असते. बिघाड होतो तो फुप्फुसाच्या पेशीत, आणि तोही जन्मानंतर. फार क्वचित अपवाद सोडले तर तो आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही.

आता ‘रुग्णांची वैशिष्ट्ये’ या कोष्टकाकडे वळू. अभ्यासातील स्त्रियांपैकी ६१.१ टक्क्यांत उत्परिवर्तन होते, पुरुषांपैकी ४४ टक्क्यांत. वाचणारा म्हणतो, ‘हा बायकांचा प्रकार.’ पण अभ्यासात पुरुष अधिक होते. गुणाकार केला तर उत्परिवर्तन असलेल्यांत जवळजवळ निम्मे पुरुषच निघतात! स्त्रियांत प्रमाण जास्त आहे, एवढेच कोष्टक सांगते. समोर बसलेल्या पुरुषाच्या गाठीत ते नसेल, असे ते सांगत नाही.

ही केवळ गणिताची हौस नव्हे. गाठीचा तुकडा काढून तपासणे महाग आणि त्रासाचे असते. तेव्हा वैशिष्ट्ये पाहून औषध सुरू करण्याचा मोह होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ चाचणीत हेच जणू करून पाहिले गेले. फिलिपाइन्ससह पूर्व आशियातील १२१७ रुग्ण घेतले. सगळ्यांना ॲडेनोकार्सिनोमा, धूम्रपान मुळीच नाही किंवा अगदी थोडे, आणि बहुतेक स्त्रिया. काहींना जेफिटिनिब दिले, काहींना नेहमीची रसायनोपचारांची औषधे. उत्परिवर्तन असलेल्यांत जेफिटिनिबने रोग बळावण्याचा धोका निम्म्यावर आणला. नसलेल्यांत मात्र तोच धोका रसायनोपचाराच्या तुलनेत पावणेतीन पटींहून जास्त झाला. ज्यांच्या गाठीची तपासणी होऊ शकली असे रुग्ण होते ४३७. वर्णनात चपखल बसूनही त्यांपैकी १७६ जणांत उत्परिवर्तन नव्हते.