छायाचित्रातील ‘फिल्टर’ आणि रायगडचा किनारा : एक चिकित्सा

छायाचित्राच्या मूळ रूपात फेरफार करणे ही समाजमाध्यमांची निर्मिती नव्हे. एकोणिसाव्या शतकातील काचपट्टी निळ्या प्रकाशास अधिक संवेदनशील असल्याने आकाश पांढरेफटक उमटत असे. म्हणून फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्र व आकाश यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह एकत्र छापल्या. पुढे पिवळ्या काचेचा फिल्टर रूढ झाला. या दोन्हींचा हेतू तंत्राची उणीव भरून काढण्याचा होता. २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामवरील ‘एक्स-प्रो टू’ हा फिल्टर मात्र फिल्म वेगळ्याच रसायनात धुतल्याने येणाऱ्या रंगदोषाचे अनुकरण होय. येथे दोषच अलंकार ठरला.

या अलंकाराची किंमत आपल्या किनाऱ्यावर दिसते. अलिबागची काळसर वाळू व काशीदची पांढरी वाळू उबदार छटेचा फिल्टर लावताच सारखीच सोनेरी होते. सहलीच्या छायाचित्रात यास आक्षेप नसावा. परंतु ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडातील नारळी-पोफळीच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या. अशा वाडीच्या छायाचित्रात झावळी हिरवी आहे की करपलेली, हे रंगच सांगतो. तोच बदलला तर चित्र सुंदर होईल. साक्ष मात्र नष्ट होईल.

म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात समाजमाध्यमावरील छायाचित्र स्वीकारताना मूळ प्रत, स्थळ व दिनांक यांचा आग्रह धरणे हे मार्गदर्शक प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.