बॉड्रन्स म्हणजे नुसतं मांजर नव्हे

जुन्या स्कॉट्स कवितांच्या शेवटी शब्दार्थांची यादी असते. तिथे 'बॉड्रन्स' समोर बहुतेक वेळा एकच शब्द दिसतो: मांजर. चूक नाही, पण अपुरं आहे, आणि संशोधनात शिरू पाहणाऱ्याने असल्या अपुरेपणाकडे जरा संशयाने बघावं.

पंधराव्या शतकातल्या रॉबर्ट हेन्रिसनची दोन उंदरांची गोष्ट घ्या. त्यात मांजर येतं ते आधी 'गिब हंटर' म्हणून. मग तेच मांजर गावाकडच्या उंदरीला पकडतं, पंजांनी इकडून तिकडे उडवत खेळवतं, आणि तिथे कवी त्याला बॉड्रन्स म्हणतो. हे नाव लाडाचं आहे, आपल्या 'मनी'सारखं. जीव घ्यायला निघालेल्या प्राण्याला कवी असं घरगुती नाव देतो, आणि त्यामुळेच तो खेळ जास्त भयानक वाटतो. 'मांजर' एवढंच वाचलं की हे सगळं गळून जातं.

१७९२ मध्ये छापलेल्या विली वॅसलच्या बायकोवरच्या गाण्यात रॉबर्ट बर्न्सने हाच शब्द वेगळ्या कामाला लावलाय. चुलीशेजारी बसून म्हातारी बॉड्रन्स पंजाने तोंड धुतेय, आणि विलीच्या बायकोला तेवढीही टापटीप नाही. टोमणा क्रूर आहे (मला तो फारसा आवडतही नाही), पण शब्दाची निवड अचूक आहे.

आता पुराव्याचं बघू. 'हा शब्द हेन्रिसनच्या काळात जन्मला' असं म्हणता येतं का? नाही. पहिली नोंद म्हणजे जन्मतारीख नव्हे. जीवाश्मांचंही तसंच असतं: सर्वात जुना सापडलेला नमुना फक्त 'निदान तेव्हा तरी हा प्राणी होता' एवढंच सांगतो. लाडाची नावं तर स्वयंपाकघरात राहतात, कागदावर उशिरा येतात. शिवाय हेन्रिसनच्या हातची प्रत आपल्याकडे नाही. आहेत त्या नंतरच्या नकला आणि १५७०-७१ च्या छापील आवृत्त्या. म्हणजे रचनेचा काळ वेगळा आणि साक्षीदाराचा वेगळा. टिपण काढताना दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा.

व्युत्पत्तीच्या रकान्यात मात्र 'अनिश्चित' लिहून पुढे जा. आवाज जुळतो म्हणून कुठलातरी पूर्वज चिकटवण्यापेक्षा ती रिकामी जागा जास्त कामाची आहे.