काटकसर कुठे केली आहे?

पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात उभे राहा, तो डबा नजरेला पडतोच. लाल किंवा हिरवा प्लास्टिकचा, कडी लावून बंद होणारा, आत खाचांमध्ये दाबून बसवलेले सेहेचाळीस नग. चार-पाचशे रुपयांत अख्खं वर्कशॉप! मागच्या काचेच्या कपाटात एकेकटी हत्यारं असतात, आणि त्यातली दोन-तीनच घेतली तरी तेवढे पैसे होतात. घरगुती कामाला काय घ्यावं, असं गिऱ्हाईक दुकानदाराला विचारतं. मला वाटतं, हे हत्यारालाच विचारावं. वस्तू स्वस्त आहे म्हणजे कुणीतरी कुठेतरी हात आखडता घेतलेला आहे. तो कुठे, हे डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखता येतं, आणि एकदा ओळखता आलं की स्वस्त हत्यारांतही रस घेण्यासारखं बरंच सापडतं.

डब्यातल्या सर्वांत चांगल्या ऐवजापासून सुरुवात करू: गोटी पाने. चार मिलिमीटरपासून चौदापर्यंत एकूण तेरा गोट्या. एक उचलून आत डोकावा. तोंड षट्कोनी आहे. बारा कोनांची गोटी नटावर पटकन बसते खरी, पण सहा कोनांची गोटी नटाच्या सहाही अंगांना भिडते आणि थोड्या झिजलेल्या नटावरही टिकून राहते. मग भिंतीची जाडी पाहा. उत्तम पोलादाची गोटी पातळ करता येते. ही जाड आहे, म्हणजे पोलाद साधं आहे हे करणाऱ्याने ओळखलं आणि उणीव वजनाने भरून काढली. खरी गंमत मात्र मागच्या चौकोनी भोकात आहे. ते पाव इंचाचं, आणि रॅचेटचा दांडा जेमतेम वीतभर. एवढ्याशा दांड्यावर मनगटाने कितीही जोर केला तरी गोटी फुटण्याइतका पीळ पडत नाही. पोलादाची परीक्षा होऊ नये अशी व्यवस्था मापातच करून ठेवली आहे. स्कूटरच्या बॅटरीचा दहा नंबरचा नट असो की मुलांच्या सायकलचा एखादा ढिला बोल्ट, हा सेट वर्षानुवर्षं निमूट काम करतो. काटकसर केली, पण कुणाला भोवणार नाही अशा जागी, आणि याला मी कारागिरीच म्हणतो.

रॅचेट कानाशी धरून फिरवा. टिकटिक दाट आणि बारीक ऐकू येते, म्हणजे आत दात पुष्कळ आहेत. अडचणीच्या जागी दांडा जरासा हलला तरी नट पुढे सरकतो तो त्यामुळेच. पण बारीक दात म्हणजे नाजूक दात. गंजलेला नट पहिल्यांदा सैल करायला रॅचेट वापरू नये. त्यासाठी डब्यातच एक साधा, सरकता टी-दांडा दिलेला असतो. तो बहुतेकांच्या घरी खाचेतून बाहेरही निघत नाही. हा संच मुळात ज्याने आखला त्याला आपल्या रॅचेटची कुवत पुरती ठाऊक होती.

आता त्याच डब्यातली बिटं. इथे मात्र हात नको तिथे आखडला आहे.

आपण सरसकट ज्याला स्टार म्हणतो, त्या फुलीच्या स्क्रूची रचना अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सच्या नावाने ओळखली जाते. त्याची पेटंटं १९३६ची. चार पाकळ्या टोकाकडे निमुळत्या होत जातात, त्यामुळे ड्रायव्हर आपोआप मधोमध बसतो. कारखान्यात झरझर स्क्रू बसवणाऱ्याला हे वरदानच. पण हाच उतार ड्रायव्हरला बाहेरही ढकलतो. जोर वाढला की टोक उतारावरून वर चढतं आणि निसटतं. म्हणून या बिटात सगळा जीव कडांमध्ये असतो. चांगलं बिट बोटावर फिरवून पाहा. पाकळ्यांच्या भिंती सरळ, दोन पाकळ्यांमधली बेचकी स्वच्छ, टोक नेमकं छाटलेलं, आणि रंग मात्र निस्तेज काळपट. चांगल्या ड्रायव्हरचा दांडा चकचकीत असला तरी टोक अनेकदा काळं ठेवतात, कारण क्रोमचा थर चढला की माप बदलतं. डब्यातलं बिट टोकापर्यंत लखलखीत असतं. पाकळ्यांच्या कडा गोल झालेल्या, जणू दहा वर्षं वापरून झालेलं. पोलादात वाचवलेले पैसे क्रोमवर उडवले आहेत. आणि याचा भुर्दंड बिटाला पडत नाही, स्क्रूला पडतो. दाराच्या बिजागरीतल्या स्क्रूचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की तो ड्रिल करून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

मॉड्युलर किचनच्या युरोपीय धाटणीच्या बिजागऱ्या कधी बारकाईने पाहिल्या आहेत? त्यांच्या स्क्रूवर फुलीच्या दोन हातांमध्ये एकेक केसासारखी बारीक रेघ असते. हा फिलिप्स नव्हे, पोझीड्राइव्ह. याच्या खाचेच्या भिंती जवळजवळ समांतर, त्यामुळे टोक बाहेर फेकलं जात नाही. पण त्यात फिलिप्सचं बिट घातलं तर ते डुगडुगतं. बहुतेक डब्यांत दोन्ही प्रकार असतात, फक्त टोकं इतकी बोथट की कुठलं कोणतं ते भिंगाने शोधावं. या दोन्हींचं दोन नंबरचं एकेक बिट किंवा ड्रायव्हर चांगल्यातला, सुटा घ्यावा. घरातले बहुतांश स्क्रू तेवढ्यावर निघतात. त्या चार रेघांत केलेली सुधारणा मला मूळ शोधापेक्षाही देखणी वाटते.

पक्कड हा मात्र सावकाश आस्वाद घेण्याचा विषय. आपल्याकडे तिचं सर्वपरिचित रूप म्हणजे तापडियाची आठ इंची. ही कंपनी १९६९पासून, सुरुवातीला स्वीडिश सहकार्याने, हातहत्यारं बनवते आहे आणि तिचा नाशिकचा कारखाना जुना. पक्कड मिटून उजेडाकडे धरा. जबड्यांची टोकं आधी भेटतात, मागे सांध्याकडे उजेडाची बारीक फट राहते, आणि मूठ आवळली की तीही जवळजवळ मिटते. बारीक तार टोकाने पकडता येते ती या फटीमुळे. टोकं मिटायच्या आधी सांध्याजवळ भिडणारी पक्कड लोखंडाचा ठोकळाच. त्यामागे नळी धरायला दातेरी पोकळी, मग तार तोडायची धार. जबडा चिवट हवा, धार कठीण हवी. म्हणून फक्त धारेचा भाग वेगळा तापवून कठीण केलेला असतो. कागदाची पट्टी धारेत धरून दाबा. कापली गेली तर दोन्ही धारा एका रेषेत आहेत, नुसती दुमडली तर नाहीत. आणि सांधा: पक्कड उघडून एक मूठ धरा, दुसरी आपल्या वजनाने हळू खाली आली पाहिजे. खाडकन पडली तर रिबिट सैल, जागची हललीच नाही तर आत घासतं आहे. एका रिबिटवर इतका नेमका तोल साधणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

पदपथावरच्या पक्कडीच्या बगलेतली जोडरेघ पाहा. ठोकून घडवलेल्या पोलादावर ही रेघ रुंद आणि घासून सपाट केलेली दिसते, ओतीव बिडावर दोऱ्याइतकी अरुंद. बिडाची पक्कड जोर लावला की चिक्कीसारखी तुटते. मुठींवरचं जाड प्लास्टिक पाहून तिला विजेच्या कामाची समजू नये. त्यासाठी दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्टचा शिक्का लागतो. नुसता रंगीत रबरी मोजा हातापुरता. इथे आणि टेस्टरमध्ये पैसे वाचवू नयेत. टेस्टरच्या आत जो रोधक असतो, तोच आपल्या आणि प्रवाहाच्या मध्ये उभा असतो.

अ‍ॅडजस्टेबल पान्याची आज जगभर चालणारी रचना स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनची, पेटंट १८९२चं. त्यात एकच तपासायचं. जबडा थोडा उघडून बोटांनी वरखाली हलवा. चांगल्या पान्यात तो जेमतेम चाळवतो. स्वस्त पान्यात तो डोलतो, जोर येताच फाकतो, आणि बेसिनखालच्या पितळी नटाचे कोपरे खाऊन टाकतो. पान्यात शंभर वाचतात आणि प्लंबर पाचशे घेऊन जातो.

आता खरोखर स्वस्त, आणि तरीही अव्वल हत्यार. रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांची छिन्नी. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद, एक ऐरण, एक घण. घण बरेचदा घरची बाईच उचलते, आणि पुरुषाच्या हातातल्या छोट्या हातोडीची टकटक तिला पुढचा घाव कुठे घालायचा ते सांगते. कमानपाटा वर्षानुवर्षं खड्ड्यांचे दणके खाण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे मालाची निवड इथेच अर्धी बाजी मारून जाते. घडण झाली की लालभडक छिन्नीची फक्त धार पाण्यात बुडवतात. लगेच बाहेर काढून ती विटेवर घासून चकचकीत करतात, आणि पाहत राहतात. अंगात उरलेली धग धारेकडे सरकू लागते, तसे लकाकत्या धातूवर रंग चालत येतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्यामागे निळा. पिवळा साधारण २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. पिवळ्यावर थांबलं तर धार कठीण पण ठिसूळ, निळ्यावर गेलं तर चिवट पण मऊ. जांभळा रंग धारेशी पोचताच छिन्नी पुन्हा पाण्यात जाते, आणि हा क्षण पळभरही चुकत नाही. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही.

त्या छिन्नीवर कानस लावून पाहा. धारेवर ती जेमतेम ओरखडा काढते, मधल्या अंगाला बऱ्यापैकी चावते, डोक्यावर सहज. डोकं मुद्दाम मऊ राखलेलं असतं. ते कठीण असतं तर हातोडीच्या घावाने कपचा उडून डोळ्यात गेला असता. एकाच पट्टीत तीन वेगवेगळे स्वभाव! बाहेरून पाहावं तर घावांच्या खुणा तशाच, पॉलिश नाही, क्रोम नाही, डबा तर नाहीच. काटकसर सगळी दिसण्यात केली आणि पोलादाला हात लावला नाही. त्या लखलखीत बिटाच्या नेमकं उलट.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. मोजपट्टी स्वस्त चालेल, फक्त तिच्या टोकाचा आकडा किंचित सैल असू द्या. तो बिघाड नव्हे. आतून मोजताना आणि बाहेरून मोजताना आकड्याच्या स्वतःच्या जाडीइतकी कमीजास्त भरपाई व्हावी म्हणून तो हलता ठेवलेला असतो. लेव्हल घेताना एकाच जागी उलटसुलट ठेवून पाहा, दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी थांबला तर दहा रुपयांची असली तरी खरी. भिंतीची ड्रिल बिटं मात्र चांगली घ्या, कारण स्वस्तातल्या बिटाच्या टोकावरचा कार्बाइडचा तुकडा तापला की निखळतो.

हॅक्सॉची फ्रेम पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी जुनी मिळाली तर उत्तमच. जाड पट्टीची फ्रेम सहसा बिघडत नाही. पातं मात्र नवं, बायमेटलचं घ्यावं. त्यात कठीण दातांची पट्टी लवचिक पाठीला जोडलेली असते, म्हणून ते वाकतं पण तडकन तुटत नाही. नळीला इंचाला चोवीस दातांचं, पडद्याच्या पातळ रॉडला बत्तीसचं. पातं डोळ्यांच्या रेषेत आडवं धरलंत तर दातांची रांग सरळ नसून नागमोडी दिसेल. काप पात्याच्या जाडीपेक्षा किंचित रुंद पडावा आणि पातं आत अडकू नये, यासाठी ती नागमोड मुद्दाम घातलेली असते. बसवताना दातांची टोकं पुढच्या बाजूला राहतील एवढं पाहा, आणि पातं बोटाने छेडल्यावर खणखणीत वाजेपर्यंत ताणा.