अमरत्वाचे दोन समाज : टोल्किनचे एल्फ आणि साती आसरा

जे. आर. आर. टोल्किन यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द सिल्मरिलियन' (१९७७) मधील एल्फ जग टिकेल तोवर जरा-व्याधीपासून मुक्त आहेत. मात्र राजकुले, वैर आणि विस्थापन यांची स्मृती त्यांना युगानुयुगे वाहावी लागते. म्हणूनच तेथे मृत्यू ही मानवाला लाभलेली देणगी ठरते. शिरूरची घोडनदी व दौंडची भीमा ज्या लोकसंस्कृतीतून वाहतात, तिच्यातील साती आसराही जरामरणरहित आहेत. 'अप्सरा' या शब्दाशी नाते सांगणाऱ्या या जलदेवतांना वंशावळ नाही, राज्य नाही. पाणवठ्याकाठचे शेंदूर लावलेले सात दगड हाच त्यांचा समाज. एल्फांचे अमरत्व स्वतःच्या स्मृतीवर, तर आसरांचे माणसाच्या स्मरणावर उभे आहे. पाणवठा बुजला, नैवेद्य थांबला, की तेही ओसरते. अमर्त्यालाही मर्त्याचा आधार लागतो, हे भान लोकश्रद्धेत अधिक स्पष्ट आहे. तिला केवळ अंधश्रद्धा मानणारी समीक्षा या जाणिवेस मुकते.